डोळ्यांची पत्रं

"आधी डिस्क, मग दिवे, मग कुलूप. क्रम चुकवायचा नाही. कोणी धावत सांगत आलं की तुझ्या घराला आग लागलीय, तरी आधी डिस्क."

काकांनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांच्या डाव्या हातात चिमटा होता, चिमट्यात एक डोळा होता, आणि उजव्या हातातल्या कुंचल्याने ते बुबुळाच्या कडेला केसाएवढी रेघ ओढत होते. मान वर न करता बोलत होते. मी नवी, घाबरट, तरी तोंडातून निघून गेलं, "आणि आग खरंच लागली असेल तर?"

"मग डिस्क घरी नेऊ नकोस," ते म्हणाले.

काका कृत्रिम डोळे बनवायचे. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला त्यांच्यासाठी, उरलेल्या डोळ्याशी जुळणारा. इतका जुळणारा की समोरच्याला कुठला खरा ते कळू नये. मागच्या खोलीत मोठ्या खिडकीखाली त्यांचं टेबल. पुढच्या खोलीत माझं टेबल, फोन, कॉम्प्युटर आणि येणाऱ्यांसाठी चार खुर्च्या. लोकांना वेळा देणं, पत्रांना उत्तरं लिहिणं आणि संध्याकाळी कॉम्प्युटरची कॉपी करणं, हे माझं काम. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

कॉपीच्या डिस्का दोन. तळहाताएवढ्या. एकीला लाल चिकटपट्टी, दुसरीला निळी. आज लाल, उद्या निळी. जिच्यावर कॉपी केली ती माझ्याबरोबर घरी, दुसरी टेबलाच्या खणात. काका म्हणायचे, "चोर, पाणी, आग आणि उंदीर एकाच दिवशी दोन घरी जात नाहीत. त्यांनाही कामं असतात." कॉपी झाली की मी एका वहीत तारखेसमोर खूण करायची.

आई होती तेव्हा ती हसायची. "तुझे दोन नेम. सकाळी देवाचा, संध्याकाळी डबीचा." डिस्कला ती डबी म्हणायची. मी घरात पाऊल टाकलं की आधी तिचा प्रश्न, "डबी आणलीस?" मग दुसरं सगळं.

कॉपीची सोय काकांच्या ओळखीतल्या एका कॉम्प्युटरवाल्याने करून दिली होती. डिस्क जोडली की काम आपोआप सुरू. कॉम्प्युटरमध्ये जे आहे ते जसंच्या तसं डिस्कवर. जे नाही ते डिस्कवरूनही काढून टाकायचं, म्हणजे अडगळ होत नाही. काका खूश झाले. "आरसा झाला म्हण की," ते म्हणाले. "आरसा खोटं बोलत नाही." आरशाला कालचं काही आठवत नाही, हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

आणखी एक काकांची रीत सांगायला हवी. एक डोळा पुरा झाला की ते स्वतःलाच मेल लिहायचे. आपल्याच पत्त्यावरून आपल्याच पत्त्यावर. माणसाच्या खऱ्या डोळ्याचे जवळून काढलेले चार फोटो, आणि खाली मजकूर: कुठला रंग किती, कुठल्या रंगावर कुठला, रेघा कुठून कुठे. मी एकदा म्हटलं, "काका, हे फोल्डर करून नीट लावून ठेवू का?" तर म्हणाले, "फाइल कुठे ठेवली ते मी विसरतो. पत्राचं तसं नाही. पत्र आलं म्हणजे आलं." मग दोन मिनिटांनी कॉम्प्युटर टिंग वाजायचा आणि ते ओरडायचे, "बघ गं, कोणाचं पत्र आलंय!"

गेल्या वर्षी काका गेले. आता मागच्या खोलीत त्यांचा मुलगा बसतो. त्याला मी दहावीचा निकाल घेऊन पळत येताना पाहिलंय, पण आता तो मालक आहे, म्हणून मी त्याला अहो-जाहो करते, आणि मी वयाने मोठी म्हणून तोही मला. वडिलांसारखाच कमी बोलतो, फक्त वडिलांचे विनोद त्याच्याकडे नाहीत. काम चांगलं करतो. पण सबंध दिवसात आमची दहा वाक्यं होत असतील. मधलं दार उघडंच असतं. त्यातून कुंचला पाण्यात हलवल्याचा आवाज येतो, माझ्या बाजूने कळा दाबल्याचा आवाज जातो. पाच वाजता तो म्हणतो, "निघतो, ताई." मी म्हणते, "हो." मग डिस्क, दिवे, कुलूप. घरी गेल्यावर डबीचं विचारणारं कोणी नाही. मी ती कपाटात ठेवते आणि हातपाय धुते.

काका गेल्यावरही त्यांच्या नावाने पत्रं येत राहिली. रंग विकणाऱ्यांची, जुन्या लोकांची. मी प्रत्येकाला लिहायची, ते आता नाहीत. मग एकदा लक्षात आलं, हल्ली त्यांच्या नावाने काहीच येत नाही. मला वाटलं, आता सगळ्यांना कळलं असेल.

एका सोमवारी सकाळी शाळेच्या बाई आल्या.

त्यांना मी ओळखत होते. निवृत्त शिक्षिका. अकरा वर्षांपूर्वी अपघातात त्यांचा उजवा डोळा गेला होता आणि काकांनी तो करून दिला होता. या खेपेला त्या काळा चष्मा घालून, पांढरी काठी टेकत, एकट्याच टॅक्सीतून उतरल्या. मी हात धरायला गेले.

"कोण, फोनवाली का? आवाजावरून ओळखलं. हात नको धरूस, दंड दे. हात धरला की मला पळवून नेतायत असं वाटतं."

खुर्चीत बसल्यावर त्यांनी चष्मा काढला. उजवीकडची खोबण रिकामी होती. डावा डोळा, त्यांचा स्वतःचा, दुधासारखा पांढरा झाला होता. आजाराने वर्षभरात दृष्टी गेली आणि रंगही गेला.

"आणि तुमचा उजवा?" काकांच्या मुलाने विचारलं. तो दारात येऊन उभा होता.

"धुताना हातातून सुटला. बेसिनची जाळी निघाली होती, गेला खाली. डोळ्यादेखत गेला म्हणावं, तर तेही खोटं." त्या एकट्याच हसल्या. "तर आता दोन्ही करायचेत. डॉक्टर म्हणाले, डाव्यावर पातळ झाकण बसेल, उजवीकडे पूर्ण. पण रंग माझा हवा."

"त्यासाठी बघायला काहीतरी लागेल, बाई. फोटो आहेत तुमचे?"

"सगळ्या फोटोंत मी चष्म्यात. शाळेच्या फोटोत तर मागच्या रांगेत. पण तुझ्या वडिलांनी सगळं लिहून ठेवलं होतं ना? चार तास माझ्या डोळ्यात बघत होता तो माणूस. माझ्या नवऱ्याने लग्न करतानाही इतकं बघितलं नव्हतं."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आहे, काकांच्या पत्रांत असेल."

त्याचा चेहरा उतरला.

बाई बोलत होत्या. "तुम्हाला वाटेल, म्हातारीला आरसा दिसत नाही आणि रंगाचा हट्ट. पण ऐका. माझे डोळे असे झाल्यापासून लोक माझ्याशी बोलतच नाहीत. माझ्या शेजारच्याशी बोलतात. दवाखान्यात मला नाही विचारत, टॅक्सीवाल्याला विचारतात, 'यांना पाणी हवंय का?' डोळे असले की माणसाला विचारतात. आणि दुसऱ्याच कोणाचे डोळे लावून मी माझ्याच घरात वावरायचं? मला नाही जमणार. घरात मी एकटीच आहे, त्यात अजून एक परकी नको." त्यांनी चष्मा परत घातला. "पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे माप आहे. त्याआधी सांगा. रंग नसेल तर राहू दे, मी चष्म्यातच बरी."

टॅक्सी गेल्यावर मुलगा माझ्या टेबलाशी आला.

"ताई, बाबांचा मेल मी बंद केला."

"बंद म्हणजे?"

"पुसला. चार महिने झाले." तो टेबलाची कड नखाने खरवडत होता. "रोज सकाळी कॉम्प्युटर उघडला की त्यांच्या नावाने काहीतरी आलेलं असायचं. बघवत नव्हतं. वर पाहिलं तर नुसती त्यांची स्वतःला पाठवलेली पत्रं. मला वाटलं, म्हातारपणी चुकून जात असतील. उघडली नाहीत. उघडायची हिंमत नव्हती, खरं सांगायचं तर. ज्यांना डोळे दिले त्यांची यादी वेगळी आहे, ती ठेवली. म्हटलं, कामाचं तेवढं राहिलं."

"ती पत्रं म्हणजेच काम होतं," मी म्हटलं.

"मला कोणी सांगितलं नाही."

ते खरं होतं. मी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं नव्हतं. दार उघडं असून दोघांपैकी कोणी उंबरा ओलांडला नव्हता.

"पण तुमची कॉपी आहे ना?" त्याचा आवाज एकदम वर गेला. "रोज नेता तुम्ही! एकही दिवस चुकवत नाही!"

आम्ही आधी लाल उघडली. काकांच्या पत्रांच्या जागी काही नव्हतं. मग निळी उघडली. तीही तशीच. ज्या दिवशी त्याने पुसलं त्या दिवशी मी संध्याकाळी नेमाने लाल जोडली आणि काकांची सगळी पत्रं लालवरून पुसली. दुसऱ्या दिवशी तितक्याच नेमाने निळीवरून. वर वहीत दोन खुणा केल्या. चार महिने मी जपून घरी नेत होते ते हे.

मेलच्या कंपनीला त्याने फोन केला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, पुसल्यापासून तीस दिवसांत कळवलं असतं तर परत मिळालं असतं. त्याने फोन ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. कुंचल्याचा आवाज आला नाही.

मी तिथे बसून होते, आणि मला एक गोष्ट माहीत होती. निळी डिस्क आणखी एक होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संध्याकाळी मी निळी घेऊन निघाले आणि वाटेतच शेजारणीचा फोन आला, आईला दवाखान्यात नेलंय. मी तशीच तिकडे गेले. तिसऱ्या दिवशी आई गेली. तिथल्या नर्सने तिच्या खाटेजवळचं सगळं एका कापडी पिशवीत भरून माझ्या हातात दिलं. मी पिशवीला गाठ मारली आणि घरी येऊन कपाटावर टाकली. डिस्क त्यात होती, हे मला पक्कं माहीत होतं. पिशवी उघडणं मला जमलं नाही. आज उघडू, उद्या उघडू. त्या संध्याकाळपासून दहाव्या दिवशी कामावर गेले तेव्हा काकांनी विचारलं, "निळी?" मी म्हटलं, "घरी आहे." खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तशीच एक नवी विकत घेतली, निळी पट्टी लावली. काका म्हणाले, "चकचकीत दिसतेय?" मी म्हटलं, "पट्टी बदलली." मग वही उघडली. नऊ दिवस कोरे होते. तोवरच्या सतरा वर्षांत मी कधी कोरी जागा सोडली नव्हती. एका बैठकीत मी नऊ खुणा केल्या.

हे काही फार मोठं पाप नाही, मला कळतं. पण मी सकाळी देवासमोर बसते, नाव घेते, आणि नाव घेता घेता मध्येच त्या नऊ खुणा येतात. दोन वर्षं येतायत. मी त्यांना बाजूला सारते आणि पुढे जाते. बाजूला सारायचीही सवय होते माणसाला.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. मंगळवारीही नाही. मागच्या खोलीत तो बाईंच्या नावाचा कागद समोर घेऊन बसला होता, त्यावर 'तपकिरी?' एवढंच लिहिलं होतं. बुधवारी सकाळी मी देवासमोर बसले आणि नाव पुढे सरकेना. तिथेच अडकलं. शेवटी मी उठले. अर्धवट उठण्याची ती माझी पहिलीच वेळ.

वही घेऊन मी त्याच्या दारात उभी राहिले. "दादा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. बसून ऐका."

"बसलेलाच आहे, ताई."

मी पान काढून समोर ठेवलं. "या नऊ खुणा खोट्या आहेत. या दिवशी कॉपी झालीच नाही." आणि मग सगळं सांगितलं. पिशवीचं, नव्या निळीचं, काकांना दिलेल्या उत्तराचं. सांगताना मी त्या पानाकडेच बघत होते.

त्याने पानावरच्या खुणा एकेक करून मोजल्या. मग म्हणाला, "देवा. मला वाटलं, तुम्ही नोकरी सोडताय." आणि मग एकदम ताठ झाला. "म्हणजे जुनी निळी दोन वर्षांत कॉम्प्युटरला लागलीच नाही?"

"नाही."

"तिच्यात बाबांची पत्रं असतील?"

"असावीत. चालली तर."

"मी येतो बरोबर."

"नको," मी म्हटलं. "पिशवी मलाच उघडू द्या."

दुपारी घरात ऊन येतं ते कपाटाच्या वरपर्यंत जातं. स्टुलावर चढून मी पिशवी खाली घेतली. धूळ पुसली. गाठ इतकी घट्ट मारली होती की नखाने सुटेना. कात्री आणली, पण कापवेना, मग दाताने सोडवली. आत चष्मा, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कंगवा, त्यात चार पांढरे केस. औषधांची यादी. प्लास्टिकचा पेला. अर्धी मलमाची नळी. डिस्क दिसेना. हात तळाशी घातला तर हाताला काहीतरी मऊ लागलं. आईचा रुमाल. चारी टोकं एकत्र करून बांधलेला, जसा ती डबा बांधायची तसा. आत डिस्क.

मी बांधला नव्हता. त्या तीन दिवसांत मी डिस्क खाटेजवळच्या फळीवर ठेवली होती, पाण्याच्या तांब्याशेजारी. आई तेव्हा फारशी बोलत नव्हती. मला वाटलं होतं, तिला काही कळत नाही. कधी बांधला असेल? मी औषधं आणायला खाली गेले असताना?

मी रुमाल तिथेच जमिनीवर बसून मांडीवर धरला. किती वेळ ते सांगता येणार नाही. ऊन कपाटावरून खाली उतरून दारापर्यंत गेलं होतं. मग मी तोंड धुतलं आणि निघाले.

मुलगा वाट बघत उभाच होता. माझ्या हातातून डिस्क घेतली, माझ्या टेबलाशी गेला, वायर उचलली आणि कॉम्प्युटरला लावायला वाकला.

"थांबा!"

मी आयुष्यात एवढ्या मोठ्याने ओरडले नसेन. त्याच्या हातून वायर पडली.

"या कॉम्प्युटरला नका लावू. डिस्क लागली की कॉपी आपोआप सुरू होते. आत्ता याच्यात काकांची पत्रं नाहीत. तो विचारणारही नाही. निळीवरूनही पुसून टाकेल."

तो खालची वायर बघत राहिला. "आत्ता मी…"

"होय."

"दुसऱ्यांदा."

"तुमचा घरचा लॅपटॉप आणा," मी म्हटलं. "त्याला आपलं आरशाचं माहीत नाही."

अर्ध्या तासात तो लॅपटॉप घेऊन आला. डिस्क जोडली. आधी काहीच नाही. मग आतून बारीक टकटक, जसं कोणी दुसऱ्या खोलीतून भिंतीवर बोट वाजवावं. मग पडद्यावर एक नाव आलं, आणि नावाखाली फोल्डर. त्यात काकांची पत्रं. दोन वर्षांपूर्वीपर्यंतची सगळी. पाठवणारे काका, घेणारेही काका.

तो पहिलं पत्र उघडायला गेला. मी म्हटलं, "आधी कॉपी."

तो वळून माझ्याकडे बघायला लागला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसला. "बाबांसारखं बोललात."

आम्ही दोन नव्या डिस्कांवर पत्रं घेतली. मग प्रत्येकीवरची पत्रं उघडून पाहिली. सुरुवातीची, मधली, शेवटची, फोटोंसकट. कॉपी झाली असं कॉम्प्युटर म्हणतो, ते धरायचं नाही. उघडून वाचता आली तर झाली. हे एकोणीस वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. जुनी निळी बाजूला काढून ठेवली. तिच्यावर पुन्हा काही लिहायचं नाही.

मग बाईंचं पत्र शोधलं. तो मोठ्याने वाचत होता.

"'शाळेच्या बाई. डावा डोळा, जिवंत. लांबून बघितलं तर तपकिरी, फसू नकोस. कडेला हिरवट करडा. बाहुलीभोवती मध, त्यात किंचित लाल. खालच्या बाजूला, घड्याळात सात वाजतात तिथे, काळपट ठिपका, तिळाच्या निम्मा. त्यांना स्वतःला माहीत नाही. पांढऱ्या भागात नाकाकडे दोन शिरा, एक दुसरीला ओलांडते. बाई फार बोलतात, बोलताना डोळा हलतो, फोटो तीनदा काढावे लागले. बोलत्या माणसाचा डोळा जरा ओला करावा. वर एक हात जास्त चकाकी दिली.'"

तो थांबला. फोटो उघडला. पडदाभर एक डोळा, आमच्याकडे बघणारा. मी नकळत पदर सावरावा तशी ओढणी सावरली.

"'फसू नकोस' कोणाला म्हणतायत?" त्याने विचारलं. "स्वतःलाच?"

"कोणास ठाऊक," मी म्हटलं. "स्वतःला 'नकोस' कोण म्हणतं?"

तो लॅपटॉप उचलून मागच्या खोलीत गेला, आणि थोड्या वेळाने कुंचला पाण्यात हलवल्याचा आवाज आला. जाताना दारातून म्हणाला होता, "ताई, उद्यापासून चहा इकडे घेत जा. मधे दार कशाला."

मी वही पुढे ओढली. नऊ खुणांवर नऊ रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेसमोर लिहिलं: झाली नाही.

मग बाईंना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"सापडला तुमचा रंग, बाई."

पलीकडे खाकरल्याचा आवाज. "कुठे होता?"

"माझ्या आईच्या पिशवीत."

"तिथे काय करत होता, माझा डोळा?"

मी सांगितलं. फोनवर सांगणं सोपं जातं. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, आणि काकांनी लिहिलेलं खरं असेल तर हे त्यांना जड गेलं असणार.

"दोन वर्षं पिशवी उघडली नाहीस," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हणजे तुला माझ्यापेक्षा कमी दिसत होतं."

"हो, बाई."

"बरं, ऐक. डोळे बसतील तेव्हा मला कसे दिसतात ते कोण सांगणार? तो पोरगा म्हणणार छान झालेत, बनवणारा तोच. डॉक्टर म्हणणार छान, त्यांना पुढचा पेशंट घ्यायचा असतो. शेजारीण तर पांढऱ्या डोळ्यालाही छान म्हणते. मला खोटं न सांगणारं माणूस पाहिजे. तू ये. समोर बस आणि माझ्याकडे नीट बघ. नुसतं एकदा नाही. हे डोळे कोणी बघितलेच नाहीत तर त्यांचा उपयोग काय?"

"बाई, मी आत्ताच तुम्हाला सांगितलं, नऊ दिवसांचं खोटं मी लिहिलं होतं."

"म्हणून तर. ज्याला दोन वर्षं ते टोचलं, ते माणूस पुन्हा सहज बोलणार नाही. येशील?"

"येईन."

"येईन म्हणणारे खूप आहेत. वार सांग."

"रविवार. सकाळी अकरा."

"दर रविवारी?"

मी स्वतःला ओळखते. एकदा तोंडातून गेलं की ते माझ्या मागे लागतं, सुटत नाही. म्हणून मी सहसा बोलतच नाही. फोनचा रिसीव्हर कानाला लागून गरम झाला होता. मागच्या खोलीत तो पाण्यात कुंचला हलवत होता.

"दर रविवारी," मी म्हटलं.

डोळे व्हायला सहा आठवडे लागले. शुक्रवारी ते बसले. मी तिथे नव्हते; बाईंनीच फोनवर बजावलं होतं, दवाखान्यात यायचं नाही, घरी यायचं, घरच्या उजेडात बघायचं. मुलगा परत आला तेव्हा मी विचारलं, कसे झालेत? तो म्हणाला, "मी नाही सांगणार. मला सांगायला मनाई आहे."

रविवारी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर देवासमोर बसले. नाव सरळ पुढे गेलं, कुठे अडलं नाही. केस विंचरले. बाईंचा पत्ता एका कागदावर लिहून घेतला होता: तिसरी गल्ली, दुकान संपलं की लोखंडी फाटक, पहिला मजला. तिथे माझं कधी जाणं झालेलं नाही. रविवारी मी कुठेच जात नाही, त्यामुळे शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "आज कुठे? कोणाकडे काही आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "एकीकडे जायचंय, बघायला."

"काय बघायला?"

मी हसले फक्त. पत्त्याचा कागद पर्समध्ये ठेवला, चष्म्याच्या काचा ओढणीने स्वच्छ पुसल्या, आणि जिना उतरायला लागले.